सुई गाईला, औषध मातीला

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेणखताबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘औषध चालू असलेल्या जनावराचं शेण काही दिवस वेगळं ठेवा.’ कारण सांगायला तिथं जागा नव्हती. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देते आहे. पत्रं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतलीच निवडली आहेत. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, सासर पलूसचं, आणि मृदाशास्त्र शिकवताना माती हातात घेतली ती मुख्यतः याच पट्ट्यातली. त्यामुळे इथल्या जमिनीबद्दल मी भरवशाने बोलू शकते. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत.

ताई, माझ्याकडे सहा होल्स्टीन (एचएफ) गाई आहेत. गेल्या महिन्यात एकीला दगडी (कासेची सूज) झाली, दुसरी तापाने बसली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सडात ट्यूब सोडल्या. ते दूध डेअरीला घातलं नाही, उकिरड्यावर ओतलं. शेण मात्र रोजच्यासारखं उकिरड्यातच गेलं. हेच खत आडसाली उसाच्या सरीत जाणार आहे. औषध खरंच जमिनीपर्यंत जातं का? आणि जात असेल तर किती?
(दूध उत्पादक, वाळवा तालुका)

दादा, जातं. तुम्ही ‘किती’ असं विचारलंत हे फार बरं केलंत, त्यामुळे हिशेबच मांडू या.

४०० किलोच्या गाईला लाँग अ‍ॅक्टिंग (अंगात जास्त दिवस टिकणारं) ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक किलोमागे २० मिलिग्रॅम या मात्रेने दिलं, तर एका वेळेला ८ ग्रॅम औषध अंगात जातं. जनावरांना दिलेल्या प्रतिजैविकांपैकी, औषधागणिक फरक पडतो, पण ३० ते ९० टक्के भाग जसाच्या तसा किंवा अजून जोर शिल्लक असलेल्या रूपात शेणा-मुतातून बाहेर येतो. आपण ५ ग्रॅम धरू. एका गुंठ्याच्या वरच्या अर्ध्या फुटात साधारण २० टन माती असते. हे ५ ग्रॅम एकाच गुंठ्यात पडले तर किलोभर मातीच्या वाट्याला २५० मायक्रोग्रॅम येतात. तेच एकरभर पसरले तर सहाच्या आसपास.

आता हा आकडा मोठा की लहान? युरोप, अमेरिका आणि जपान यांनी जनावरांच्या औषधांसाठी २००० साली मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं ठरवली, त्यात किलोभर मातीत १०० मायक्रोग्रॅम अशी एक रेघ आहे. औषध मातीत त्याहून जास्त साठेल असा अंदाज निघाला, तर जमिनीतल्या जीवांवर काय परिणाम होतो ते कंपनीला तपासून दाखवावं लागतं. म्हणजे एका गाईला एकदा दिलेलं औषध एकरावर नीट पसरलं तर या रेघेच्या कितीतरी खाली राहतं, आणि गोठ्यामागच्या एका गुंठ्यात ओतलं तर अडीच पट वर जातं. गोठ्यालगतचं तुकडं, जिथं घमेल्याने रोजचं शेण टाकायची सवय असते आणि जिथं घरची मेथी-कोथिंबीर लावलेली असते, त्याची मला तुमच्या उसापेक्षा जास्त काळजी वाटते.

हा हिशेब वाटेत काहीच मोडत नाही असं धरून केला आहे. प्रत्यक्षात मोडतं, पण कुठलं औषध होतं त्यावर सगळं ठरतं. डॉक्टर सुई टोचून गेले की आपण ‘तापाचं इंजेक्शन’ म्हणून मोकळे होतो. मातीच्या दृष्टीने तापाचं इंजेक्शन अशी वस्तूच नाही. नाव हवं.

पेनिसिलिनच्या घरातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन वगैरे, ओल्या शेणात आणि मातीत लवकर फुटतात. सडात सोडायच्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा हीच असतात. ते दूध तुम्ही उकिरड्यावर ओतलंत ते योग्य केलंत. कित्येक जण ते वासरांना पाजतात, आणि मग त्या वासरांच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. दूध वाया जातं याचं वाईट वाटतं, मला कळतं, पण वासराला देऊ नका.

ऑक्सिटेट्रासायक्लिनची, म्हणजे टेट्रासायक्लिनच्या घरातल्या औषधाची, गोष्ट निराळी. एक किलो माती आणि एक लिटर पाणी घेऊन त्यात हे औषध ढवळलं, तर बहुतेक जमिनींत हजारातले नऊशे नव्वदहून जास्त भाग मातीला चिकटतात, पाण्यात फार थोडे उरतात. आपल्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर आहे. तिचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि भिजल्यावर ते फाकतात. टेट्रासायक्लिनचे रेणू त्या थरांच्या मध्ये शिरून बसतात, वहीच्या पानांत पिंपळपान ठेवावं तसे. शिवाय आपल्या जमिनीत चुनखडी आहे, त्यातलं कॅल्शियमही त्यांना धरून ठेवतं. त्यामुळे हे औषध खाली पाझरत नाही, नांगराच्या तासाइतक्या थरातच राहतं. जर्मनीत लोअर सॅक्सनीमध्ये डुकरांचं पातळ खत वर्षानुवर्षं घातलेल्या शेतांची तपासणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तिथंही टेट्रासायक्लिन वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये सापडलं, आणि काही थरांत किलोमागे १०० ते २०० मायक्रोग्रॅम इतकं. मातीत ते मोडायला आठवडे ते महिने लागतात. तोवर पुढची ट्रॉली आली तर त्यात भर पडते.

तापावर हल्ली सर्रास दिलं जाणारं एन्रोफ्लॉक्सासिन याहून चिवट. गाईच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे माणसांच्या दवाखान्यातली ‘सिप्रो’ तीच. मातीला घट्ट चिकटतं, उन्हात फुटतं, पण ऊन मातीत केसभरही शिरत नाही. एकदा गाडलं गेलं की वर्ष-वर्ष टिकू शकतं. तपासणी न करता, आधी दुसरं काही न बघता, पहिल्याच दिवशी हे औषध देण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका: ‘यापेक्षा साधं काही चालेल का?’

आणि सल्फा. सल्फाडिमिडीनच्या गोळ्या वासरांच्या हगवणीला पिढ्यान्‌पिढ्या दिल्या जातात. हे औषध मातीला फारसं चिकटत नाही. मघाच्या किलोभर माती आणि लिटरभर पाण्याच्या प्रयोगात जवळपास निम्मं पाण्यात राहील. आपल्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास, आणि तिथं सल्फाच्या रेणूवर ऋण भार येतो. चिकणमातीवरही ऋणच भार, त्यामुळे माती त्याला दूर लोटते. आणखी एक खोड आहे त्याची. जनावराचं यकृत सल्फाला एक जोड लावून निकामी करतं आणि बाहेर टाकतं, पण शेणाच्या ढिगातले जंतू तो जोड पुन्हा सोडवतात आणि मूळ औषध परत जिवंत होतं.

तुमच्या उकिरड्याला आता काय करायचं? त्यात शेण टाकणं आजपासून थांबवा, तो बंद करा आणि शेजारी दुसरा सुरू करा. आपल्याकडे एकच उकिरडा वर्षभर भरत राहतो आणि उचलताना वरचं कालचं शेण आणि तळाचं वर्षाचं खत एकाच ट्रॉलीत जातं. दोन खड्डे असले की हा घोळ मिटतो. बंद केलेला खड्डा ओलसर ठेवा, एक-दोनदा वरखाली करा. आमच्या पलूसच्या खड्ड्यात मी लोखंडी गज मधोमध खुपसून ठेवते. तासाभराने ओढून टोकाकडे मूठ धरायची. धरवत नसेल इतका गरम असेल तर आत ५५ अंशांच्या वर गेलं आहे, आणि खत खरं कुजतंय. गज कोमट लागला तर एकतर पाणी कमी आहे किंवा हवा कमी आहे. हिवाळ्यात पहाटे खड्डा उकरला की आतून वाफ निघते आणि शेणाचा वास जाऊन पावसाळी मातीचा वास यायला लागलेला असतो. असं खत झाल्यावरच सरीत घाला.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात-हात भेगा पडतात. त्या बुजवल्याशिवाय खत पसरू नका. वळवाचा एक जोराचा पाऊस आला की खताचे कण भेगांतून थेट खाली जातात, आणि मग माती औषध धरून ठेवते हे वर जे सांगितलं त्याचा काही उपयोग राहत नाही.

द्राक्षबागेला दरवर्षी विट्याकडून कोंबडीखत आणतो. खरड छाटणीनंतर बोदात (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यात) घालतो. पोल्ट्रीवाले म्हणतात, आमच्याकडे औषध वापरतच नाहीत. विश्वास ठेवावा का?
(द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका)

विचारण्याची पद्धत बदलून बघा. ‘औषध वापरता का’ याला उत्तर ‘नाही’ येतं, कारण पोल्ट्रीवाल्याच्या मनात औषध म्हणजे आजारी पक्ष्याला दिलेलं. ‘खाद्यात सॅलिनोमायसिन आहे का, पाण्यातून टायलोसिन किंवा एन्रो शेवटचं कधी सोडलं’ असं विचारलं की नीट उत्तर मिळतं. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून सॅलिनोमायसिन, मॉनेन्सिन यांसारखी औषधं घालायची पद्धत जगभर आहे, आणि ती तुसाच्या गादीत उतरतात. कोलिस्टिन मात्र केंद्र सरकारने २०१९ साली खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांमध्ये आणि कोंबड्यांमध्ये वापरायला बंदी केली आहे. माणसाच्या अतिदक्षता विभागातलं ते शेवटच्या फळीतलं औषध. ते कुणी अजून वापरत असेल तर ते खत आणू नका, आणि त्या माणसाला तसं स्पष्ट सांगा.

खत किती दिवस ठेवायचं, यावर अमेरिकेत मिनेसोटामध्ये झालेलं काम मला फार उपयोगाचं वाटतं. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. टर्कीचं खत त्यांनी तीन प्रकारे कुजवलं: नुसता ढीग, वेळोवेळी हलवलेला ढीग आणि यंत्राच्या पिंपात. तीन-चार-पाच आठवड्यांत क्लोरटेट्रासायक्लिन ९९ टक्क्यांहून जास्त गेलं. मॉनेन्सिन आणि टायलोसिन निम्म्याहून जास्त गेले. सल्फामेथाझिन, म्हणजे आपलं सल्फाडिमिडीन, जवळपास होतं तेवढंच राहिलं. आणि गंमत अशी की नुसता ढीग आणि हलवलेला ढीग यांच्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे छोट्या शेतकऱ्याला महाग यंत्र नको, नुसता धीर हवा. खत बांधावर आणून महिना-दीड महिना ओलं झाकून ठेवा. छाटणीच्या आदल्या दिवशी ट्रॉली आणून सरळ बोदात ओतणं बंद करा.

तुमच्या बागेबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला खताइतकीच महत्त्वाची वाटते. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याची बुरशीवरची फवारणी. मोरचुदातलं तांबं मोडत नाही, उडून जात नाही, दरवर्षी मातीच्या वरच्या थरात भर घालतं. डेन्मार्कमध्ये तांबं साठलेल्या शेतांवर झालेल्या कामातून असं दिसलं, की तांब्याला तोंड द्यायला शिकलेले मातीतले जंतू अनेकदा प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. ही दोन्ही कसबं जंतूकडे बऱ्याचदा एकाच गाठोड्यात असतात. म्हणजे औषध मोडून गेलं तरी तांबं मागे राहून त्याच जंतूंना पोसत राहतं. कोंबडीच्या खाद्यातही तांबं आणि जस्त असतं. जुनी बाग असेल तर माती परीक्षणात तांबं मोजून घ्या, ते सोपं आहे आणि कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होतं. आकडा जास्त आला तर बोर्डोच्या फवारण्या गरजेपुरत्याच करा आणि कोंबडीखताऐवजी शेणखत, पाचट, हिरवळीचं खत यावर भर द्या.

मी जीवामृत करते. २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, गूळ, बेसन. एकच देशी गाय आहे, तिला मध्येच इंजेक्शन द्यावं लागलं. तिचं शेण-मूत्र वापरलं तर चालेल का? नाहीतर जीवामृत थांबवावं लागेल.
(शेतकरी महिला, खटाव तालुका)

ताई, थांबवा. आपण जीवामृत घालतो ते जंतूंसाठी, आणि सुईने दिलेलं ऑक्सिटेट्रासायक्लिन असो की सल्फा, बाहेर पडतं ते मोठ्या प्रमाणात मुतातूनच. पहिल्या काही दिवसांचं ते मूत्र पिंपात ओतलं की ज्यांना वाढवायचं त्यांनाच मारतो, आणि जे औषधाला पुरून उरतात त्यांना गूळ-बेसन घालून वाढवतो. मग तेच २०० लिटर एकरभर शिंपडतो. औषधाचं प्रमाण थोडं असेल, पण जंतूंची ही निवड मला नको वाटते.

किती दिवस? बाटलीवर दूध न वापरण्याचे दिवस लिहिलेले असतात. ते संपल्यावर आणखी आठवडाभर थांबा, असा माझा सल्ला आहे. एन्रोफ्लॉक्सासिन असेल तर त्याहून थोडं जास्त. तोवर शेजाऱ्यांच्या गाईचं शेण-मूत्र मागून आणा. खटावात एका गाईवर गाव अडत नाही. तुमच्या गाईचं या दिवसांतलं शेण वेगळ्या खड्ड्यात कुजवा आणि पुढच्या वर्षी ज्वारीच्या रानात पसरा.

गोबर गॅस असेल त्यांनीही हे लक्षात ठेवावं. दोन-तीन जनावरांना एकदम औषध चालू असताना सगळं शेण टाकीत घातलं की गॅस कमी पडू शकतो. गॅस तयार करणारेही जंतूच आहेत.

मी साताऱ्यात राहते. मंडईतून पालक, कोथिंबीर, कांद्याची पात घेते. शेणखतातलं औषध भाजीत येतं का? लहान मुलं आहेत घरात.
(गृहिणी, सातारा शहर)

येतं, पण फार थोडं. २००५ साली मिनेसोटा विद्यापीठातच झालेल्या एका प्रयोगात खतातून क्लोरटेट्रासायक्लिन दिलेल्या मातीत मका, कांद्याची पात आणि कोबी लावला होता. तिन्हींनी ते शोषलं, पण किलोभर ओल्या भाजीत २ ते १७ मायक्रोग्रॅम इतकंच. टायलोसिन शोषलंच नाही, त्याचा रेणू मोठा आहे. औषध म्हणून आपण घेतो त्या मात्रेच्या शेजारी हे काहीच नाही. मुलांना पालक द्या, मनापासून द्या.

मला भीती आहे ती पानावरच्या मातीची. ताज्या शेणातले, औषधाला सरावलेले जंतू पानाच्या देठाशी चिकटून घरात येतात, आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो. वाहत्या पाण्याखाली जुडी सोडून, एकेक काडी वेगळी करून धुवा. देठाच्या बुडाशी माती दडलेली असते ती नखाने काढावी लागते, नुसतं भांड्यात बुचकळून निघत नाही. पिकवणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत न कुजलेलं शेण घातल्यावर मातीला टेकणारं पीक काढायला १२० दिवस थांबावं लागतं. आपली कोथिंबीर ४५ दिवसांत निघते. म्हणजे पालेभाजीला ताजं शेण घालण्याचा प्रश्नच येत नाही, कुजलेलंच हवं.

आमची माती तांबडी, पाऊस प्रचंड. स्ट्रॉबेरीला शेणखत घालतो. काळ्या मातीचे नियम आम्हाला लागू होतात का?
(शेतकरी, जावळी तालुका)

अर्धे. तुमच्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नाही, पण लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं आहेत, आणि टेट्रासायक्लिन व सिप्रो यांना तीही घट्ट धरतात. माती आम्लधर्मी, त्यामुळे सल्फासुद्धा आमच्यापेक्षा तुमच्याकडे जरा जास्त थांबतं. तुमचा धोका उताराचा आहे. मातीला चिकटलेलं औषध मातीसकटच ओढ्यात जातं. खत पावसाआधी उघड्यावर पसरू नका. पाऊस उघडल्यावर, लावणीच्या वेळी गादीवाफ्यात मिसळा.

मी शिरवळला पशुवैद्यकीचं शिक्षण घेतो. आम्हाला शिकवतात की टेट्रासायक्लिन मातीला बांधलं जातं. बांधलं गेलं म्हणजे निष्प्रभ झालं ना? आणि मातीत प्रतिजैविकं तर नैसर्गिकच असतात.
(विद्यार्थी, शिरवळ)

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण पुढे सुई तुझ्या हातात असणार आहे.

पहिला भाग. बांधलं गेलं म्हणजे पाण्यातून सहज काढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मिनेसोटाच्या गटाने २००५ साली मातीला चिकटलेल्या टेट्रासायक्लिन आणि टायलोसिनवर जंतू सोडून पाहिले. जोर कमी झाला होता, पण संपला नव्हता, जंतू त्याने मरत होते. आणि जिथे औषध जंतूला मारण्याइतकं नसतं पण त्रास देण्याइतकं असतं, तिथेच प्रतिकारक जंतूंचं फावतं. मातीतला जंतूही चिकणमातीला चिकटूनच राहतो, औषधाच्या शेजारी.

दुसरा भाग. नैसर्गिक असतात, अगदी खरं. क्लोरटेट्रासायक्लिन सापडलं तेच मुळी शेतातल्या मातीत. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबोर्न फील्ड या जुन्या प्रयोगशेतातून १९४५ साली नेलेल्या मातीच्या नमुन्यात बेंजामिन डुगर यांना त्याचा स्ट्रेप्टोमायसिस जंतू मिळाला, आणि १९४८ साली औषध जाहीर झालं. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांनीही मातीतल्याच जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं, त्या जंतूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. प्रतिकाराचे जनुकही जुनेच आहेत. कॅनडात युकॉनच्या ३०,००० वर्षं गोठलेल्या जमिनीत टेट्रासायक्लिन आणि पेनिसिलिनला तोंड देणारे जनुक सापडले, ते संशोधन २०११ सालचं.

पण मातीतला जंतू प्रतिजैविक बनवतो ते कणभर, आपल्या अवतीभवतीच्या केसभर जागेत. आपण ग्रॅमच्या हिशेबाने, शेतभर, दरवर्षी घालतो, आणि सोबत जनावराच्या आतड्यातले जंतूही घालतो, जे माणसाच्या आतड्यात सुखाने राहू शकतात. मातीतल्या जुन्या जनुकांना या जंतूंमध्ये उडी मारायला याहून चांगली जागा कोणती? म्हणून तुझ्या चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली एक ओळ लिहायची सवय आतापासून लाव: दूध किती दिवस घालायचं नाही, आणि शेण किती दिवस वेगळं ठेवायचं.

घरच्या विहिरीपासून वीस पावलांवर उकिरडा आहे. पाणी पिण्याला वापरतो. कृष्णाकाठची जमीन, पाणी वरच आहे.
(मिरज तालुका)

उकिरडा हलवा. वाट पाहू नका. सल्फा पाण्याबरोबर चालतं, जर्मनी आणि अमेरिकेत ते भूजलात सापडलं आहे, आणि तुमच्याकडे तर पाणी हाताला लागतं इतकं वर. पण त्याआधी नायट्रेट आणि शेणातले जंतू पोहोचलेले असणार. पाणी तपासून घ्या, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी लहान बाळाला अजिबात देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही. उकिरडा विहिरीच्या खालच्या अंगाला, उंच कट्ट्यावर, पावसात वर पत्रा अशी व्यवस्था करा.

डाळिंबावर तेल्या (तेलकट डाग पाडणारा जंतूंचा रोग) आला की आम्ही स्ट्रेप्टोमायसिनची पावडर फवारायचो. आता दुकानदार म्हणतो बंद आहे, पण मिळवून देतो.
(आटपाडी तालुका)

घेऊ नका. शेतीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची अधिसूचना केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढली. क्षयरोगाच्या औषधांत स्ट्रेप्टोमायसिन आहे, हे त्यामागचं एक कारण. तेल्याला फांद्या छाटून जाळणं, बाग स्वच्छ ठेवणं आणि पावसाळ्यात फळ येणार नाही असा बहार धरणं हेच टिकाऊ उपाय आहेत.

माझ्या मातीत औषध साठलंय का, हे कुठे तपासून मिळेल?
(कराड)

नेहमीच्या माती परीक्षणात हे दिसत नाही. त्याला एलसी-एमएस-एमएस नावाचं महागडं यंत्र लागतं, आणि प्रत्येक औषध वेगळं शोधावं लागतं. कुठलं शोधायचं हे माहीत नसेल तर पैसे वाया. म्हणून माझा आग्रह गोठ्यातल्या वहीचा आहे. तारीख, जनावर, औषधाचं नाव बाटलीवरून उतरवलेलं, मात्रा, शेवटची सुई कधी, आणि शेण कुठल्या खड्ड्यात गेलं. नाव वाचता येत नसेल तर रिकामी बाटली फडताळात ठेवा आणि शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. खत विकत असाल तर त्या पानाची नक्कल ट्रॉलीबरोबर द्या, आणि विकत घेत असाल तर ती मागा. सुरुवातीला लोक हसतील, पण दोन-चार गिऱ्हाइकांनी मागितली की खतवालाच वही घालायला लागतो. दुधाच्या फॅटची नोंद ठेवायला आपण अशीच शिकलो.